एक बोट जागा

९ एप्रिल

— आणि डोकं छताला टेकलेलं असतानाच मी म्हणाले, लावा दार. दार लागलं. मान उजवीकडं कलली ती कललीच. समोर रस्ता दिसायला हवा. मला आतल्या आरशाची मागची बाजू दिसत होती.

शोरूमचा रणजीत पलीकडं, माझ्या नवऱ्याजवळ उभा. स्टेअरिंगकडचं दार त्यानं आधी नचिकेतसाठीच उघडलं होतं.

"सर, तुमी बसून पाहा ना."

"मला चालवता येत नाही," नचिकेत म्हणाला. "ही चालवणार."

रणजीतनं वाकून माझ्याकडं पाहिलं. मी उभी असते तर त्याला मान वर करावी लागली असती.

"म्याडम, शीट मागं घ्या."

"घेतलं."

"अजून मागं."

"संपलं."

मी सहा फूट एक इंच. नचिकेत पाच फूट पाच. लग्न ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, चपला तेवढ्या सपाट घालत जा. सोळा वर्षं घालते आहे. त्यानं उंचीत फरक पडला नाही. फोटोत मात्र मी नेहमी एक पायरी खाली असते.

उतरले. चपला खाली फरशीवर काढून ठेवल्या होत्या, त्या पायात सरकवल्या. येताना नचिकेतनं कचोरी खाल्ली. दोन.

१० एप्रिल

गाडी कशासाठी, ते लिहून ठेवते. शोरूमच्या गार हवेत विसरायला होतं.

अकरा वर्षं हिंगोलीत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. पावसाळ्यात नेमणूक, उन्हाळ्यात निरोप. निरोपाला शाल नसते, वेळापत्रकातून नाव जातं एवढंच. आता साखऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्राचार्याची जागा मिळते आहे. कायम. संस्थेचे सचिव गुलाबचंद राठोड, तिथल्याच तांड्यावरचे. मुलाखतीत साहित्याविषयी काही विचारलं नाही.

"हिंगोलीवरून यायच्या कशा?"

"एसटीनं."

"येष्टी नऊला येते, म्याडम. कॉलेज सातचं. पोरं म्हणतील, ह्या बाई आमच्या का पुढच्या तुकडीच्या?"

मी गाडी घेते म्हणाले. चालवायला कॉलेजात असतानाच शिकले होते, वडिलांच्या उघड्या जीपवर. तिला छत नव्हतं म्हणून ही अडचण कधी कळली नाही.

"मग एक मेचा झेंडा तुमीच चढवा. साडेसातला. आन् न्हाई आल्या तर चार्ज सोनाजी सरकडंच राहू द्या. कुणाला तकलीफ नको."

सोनाजी सर शेजारीच बसले होते. तिथले सर्वांत जुने शिक्षक; सध्या कारभार त्यांच्याकडं आहे. ते जमिनीकडं पाहत हसले. वाईट माणूस वाटला नाही. त्यामुळं जास्त अवघड.

१३ एप्रिल

वारंगा फाट्यावर गेलो. तिथं जुन्या गाड्या मिळतात असं नचिकेतच्या ऑफिसात कुणी सांगितलं. नचिकेत जिल्हा परिषदेत बांधकाम विभागात लिपिक आहे; इंजिनियरांच्या शेजारी बसून बसून मोजमापाची आवड लागली आहे. खिशात टेप. गाडीत मी बसायच्या आधी टेप बसते.

मोठी गाडी होती. आठ माणसं नेणारी. मालक म्हणाला, "आमचा ड्रायव्हर तुमच्यावून दोन इंच जास्तच असन. कधी कुरकुर केली न्हाई."

बसले. डोकं मोकळं, गुडघे मोकळे. मग काहीतरी टोचलं. उठून पाहिलं. सीटमधला फोम कापून काढलेला, खाली पत्रा आणि त्यावर पोतं.

"त्यानं सोताच काढला," मालक म्हणाला. "हुशार होता."

"आता कुठं आहे?"

"कंबरेचं ऑपरेशन झालं त्याचं."

नचिकेतनं टेप आवरली. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात भजी सांगितली. मला एक विनोदही सांगितला. गाडी नापास झाली की त्याला भूक लागते, हे माझ्या आता लक्षात यायला लागलं आहे.

१४ एप्रिल

ऑटोत मी नीट बसते. ऑटोला दार नसतं.

१७ एप्रिल

बाहेरून उंच दिसणाऱ्या गाड्यांवर विश्वास ठेवू नये. गाडी उंच असते, तशी आतली सीटही उंच असते. छत आणि डोकं यांचं अंतर तेवढंच. बाहेरून मोठेपणा, आत वाका. मी काही संस्थांमध्ये शिकवलं आहे. नवल वाटलं नाही.

रणजीतनं आज तीन दाखवल्या. एकीत डोकं बसलं, गुडघे नाहीत. दुसरीत गुडघे बसले, डोकं नाही. तिसरीला छतात काच होती, आकाश दिसावं म्हणून. त्या काचेच्या चौकटीनं नेमकी माझी बोटभर उंची खाल्ली. आकाश डोक्याला लागलं.

"म्याडम, अंबाडा घालत नका जाऊ," रणजीत म्हणाला. अगदी मनापासून.

सासूबाईंना घरी येऊन सांगितलं. त्या हरभरा निवडत होत्या.

"एवढ्या मोठ्या कंपन्या. एकीलाही तुझ्यासारखी बाई दिसली नाही?"

"नाही दिसली, आई."

"मग राहू दे की. काहून जिवाला त्रास. इथं तुझ्यावाचून माळ्यावरचा डबा कोण काढतो?"

हे त्या प्रेमानं म्हणाल्या. मी डबा काढून दिला.

१९ एप्रिल

बसले!

पांढरी. साधी. जाहिरातीत हिच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. सीट खाली जाते, मागं जाते, अजून मागं जाते. डोक्यावर तळहात आडवा मावला. स्टेअरिंग आणि उजवा गुडघा यांच्यात एक बोट. मी बोट घालून पाहिलं. रणजीतनं घालून पाहायची परवानगी मागितली नाही, हे बरं.

चालवली. खटकाळी बायपासला जाऊन परत. ब्रेकवर पाय सहज जातो. नागमोडी घेतली, उगाचच. रणजीत शेजारी दार धरून बसला होता. "चालवता हो तुमी," म्हणाला. सर्टिफिकेट देताना माणसाचा आवाज बदलतो.

नचिकेतनं चारदा मोजलं. "एक बोट म्हणजे काही फार नाही."

"पुरेसं आहे."

"तुझ्या बोटानं की माझ्या?"

गाडी ठरवली. अक्षय्य तृतीयेला मिळेल. म्हणजे तीस तारखेला. दुसऱ्याच दिवशी झेंडा. घरी येताना विचारलं, काही खायचं? तो म्हणाला, भूक नाही.

२४ एप्रिल

गुलाबचंदांना फोन केला. गाडी मिळाली. ते म्हणाले, "बराबर. पोरायला सांगून ठेवतो, नव्या म्याडम उंच हायत, दोरी सोडायला स्टूल लागणार न्हाई."

३० एप्रिल

सकाळी गाडी आणली. हार, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. रणजीतनं किल्ली नचिकेतच्या हातात ठेवून फोटो काढला. मी मागे, एक पायरी खाली. मग नचिकेतनं किल्ली मला दिली. तो फोटो काढला नाही.

औंढ्याला नागनाथाला नेली. सासूबाई मागं, चपला पिशवीत घालून मांडीवर. आम्हा तिघांच्याही चपला पिशवीतच. नव्या गाडीत कुणी चपलांनी बसत नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलेलं नाही. गाडी छान चालली. एक बोट कायम होतं.

दर्शन झालं. दुपारचं ऊन. गाडी लांब उभी केली होती, डांबर तापलेलं. चपला घालून गाडीपर्यंत आले. आणि पाय भाजत होते म्हणून तशीच आत बसले.

गाडी सुरू केली. पुढं घेतली. समोर नारळवाल्या बाईची टोपली. ब्रेककडं पाय नेला, तर गुडघा स्टेअरिंगखाली अडकला. वर जाईना, बाजूला सरकेना. डाव्या हातानं हँडब्रेक ओढला. गाडी टोपलीला टेकून थांबली. चार नारळ रस्त्यावर गडगडत गेले.

"देवाच्या दारात आलात," ती बाई म्हणाली, "अन् सगळे नारळ एकदमच फोडता का?"

नारळ गोळा केले. दोन विकत घेतले. मग गाडीत बसून चपलेचा तळ पाहिला. सपाट चप्पल. तरी बोटभर जाड.

म्हणजे असं. महिनाभर ज्या ज्या गाडीत बसले, अनवाणी बसले. शोरूममध्ये, वारंगा फाट्यावर, बायपासला. नचिकेतनं टेपनं मोजलं, तेही माझ्या उघड्या पायांवरून. माझं शिक्षण, त्याची टेप, रणजीतचा अनुभव. तिघांपैकी एकालाही वाटलं नाही की माणूस गाडी चालवताना पायात काहीतरी घालेल.

परतताना चपला काढूनच चालवली. गाडी दारात लागल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आपलीच चूक. देवाकडून येऊन चपलांनी बसायचं नसतंच." नचिकेत म्हणाला, "उद्या नको जाऊस. जिवावर बेतेल." खरंच घाबरला होता.

संध्याकाळी एकटीच रामलीला मैदानावर गाडी नेली. अनवाणी. पुढं, ब्रेक. मागं, ब्रेक. वळण, ब्रेक. क्रिकेट खेळणारी पोरं आधी हसली, मग कंटाळून खेळायला लागली. पाय एकदाही अडकला नाही. तर मग अनवाणी चालवायची. इतकंच. शेतात सगळं गाव अनवाणी फिरतं, मी ट्रॅक्टरपेक्षा लहान यंत्र चालवणार आहे.

घरी आले तेव्हा नचिकेत गच्चीवर फोनवर बोलत होता. मला पाहून खाली आला. चेहरा मोकळा. "चला, जेवू या," म्हणाला. "जाम भूक लागलीय."

पानावर बसल्यावर मी सांगितलं, जमतंय, पाचला निघते.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. बराच वेळ हातातच धरला. सासूबाईंनी विचारलं, अरे, वरण वाढू का? तो म्हणाला, नको.

काळजी असावी.

१ मे

सात वाजायच्या आत पोहोचले. खांबाभोवती रांगोळी. दोरीजवळ सोनाजी सर, नव्या पांढऱ्या सदऱ्यात. त्यांची आई खुर्चीवर, लेक झेंडा चढवताना पाहायला आणलेली.

गुलाबचंद मला पाहून दचकले. "तुमी? अवो, तुमच्या साहेबांचा फोन आलता ना रात्री. गाडीत पाय बसत न्हाई म्हणे, म्याडमनी विचार बदलला. घरातूनच न्हाई म्हणून राहिले, तर आमी काय करावं? म्हणून मग सरला सांगितलं."

सोनाजी सरांनी दोरी पुढं केली. मी म्हणाले, "झेंडा सरांनी चढवावा. चार्ज मी घेते."

गुलाबचंदांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "बराबर."

झेंडा चढला. ऑफिसात जाऊन रुजू झाल्याची सही केली. मग विचारलं, गावात भाड्यानं खोली मिळेल का. महिनाभरात हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

कमलबाई म्हणून आहेत, त्यांच्याकडं एक रिकामी होती. चालत गेले. पूर्वेला खिडकी, कोपऱ्यात मोरी. घेतली.