बटण ठीक होतं

१४ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं कार्ड पोचलं. नेहमीची एक ओळ, 'सगळं ठीक?' आणि खाली तुझ्या चिमणीचा गिरगोटा. शाळेत जायला लागली वाटतं. मीही नेहमीसारखं 'हो' लिहून मोकळी होणार होते. हे पत्र टाइप केलंय, त्याचा राग धरू नकोस. कारण शेवटी सांगते.

बाबा आता माझ्याकडे राहतात. गुडघे सोडले तर बरे आहेत. जुनं घर रिकामं करताना माळ्यावर आपला कॉम्प्युटर सापडला, दादाच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. मी दोन फुगलेले कपॅसिटर बदलले, खेळ ज्यातून चढतो त्या कॅसेट प्लेअरचा सैल पट्टा बदलला. सहा मिनिटं कर्कश आवाज करून फुटबॉलचा खेळ पडद्यावर आला. तेच वरून दिसणारं हिरवं मैदान, तेच नखाएवढे खेळाडू.

तू तेव्हा वसतिगृहात होतीस, म्हणून खेळाचं एक सांगायला हवं. फटक्याचा जोर जॉयस्टिकचं बटण किती वेळ दाबून धरलं त्यावर ठरतो. लगेच सोडलं तर पास. जास्त धरलं तर चेंडू गोलखांबावरून थेट प्रेक्षकांत.

दादा यात पटाईत होता. मी अकराची, तो पंधराचा, मला दहा-शून्यनं हरवायचा आणि वर विचारायचा, "मोजपट्टी, मोजलेस का गं गोल?" मग एका उन्हाळ्यात त्याचे सगळे फटके वरून जायला लागले. मी ओरडायचे, "गेला शेजाऱ्यांच्या गच्चीवर!" तो म्हणायचा, "बटण अडकतंय."

मी जॉयस्टिक उघडली. टॉर्चचा बल्ब आणि सेल जोडून बघितलं. बटण दाबलं की बल्ब लागायचा, सोडलं की त्याच क्षणी विझायचा. आम्ही जॉयस्टिका बदलून पाहिल्या. त्याच्या जॉयस्टिकवर माझे गोल होत होते, माझ्या जॉयस्टिकवर त्याचे फटके वरून जात होते. आज प्रयोगशाळेत मी हेच करते. काटा चुकतोय की माणूस, हे कळायला दोघांतला एक बदलायचा. बटण ठीक आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं.

त्याच आठवड्यात त्याच्या हातात पेला अडकून राहिला आणि सुटला तो फरशीवरच. बाबा म्हणाले, "हात आहेत की पळ्या?"

"नाही हो बाबा, बोटं आखडलीत. दिवसभर खेळतोय ना, आणि ते बटण अडकतं."

बाबा माझ्याकडे वळले. "तू उघडलीयेस ना ती? खरंच अडकतं का गं?"

दादा माझ्याकडे बघत होता. आदल्या दिवशी त्यानं मला विनवलं होतं, "अडकतं म्हण. तुझं ऐकतात ते."

मी म्हटलं, "हो. स्प्रिंग गेलीय."

त्यानं विनवलं म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. मी पहिल्यांदाच जिंकत होते.

बाबांनी नवी जॉयस्टिक आणली. तीही 'अडकायला' लागली. डॉक्टरकडे जायला आणखी आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत बाबा त्याला वेंधळा म्हणाले, ऐतखाऊ म्हणाले, एकदा फूटपट्टीनं हातावर मारलं. त्याच हातावर. लवकर नेलं असतं तरी तो वाचला नसता, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण ती पट्टी त्याला बसली नसती.

तो गेला त्या दिवशी तू बाबांना विचारलंस, "घरात राहून तुम्हाला दिसलं कसं नाही?" मी पाणी आणायला आत गेले आणि तू जाईपर्यंत बाहेर आले नाही. त्यानंतर नऊ वर्षं तू त्यांच्याशी बोललेली नाहीस. त्यांनी मला विचारलं होतं, ताई. मी खरं नाही सांगितलं. हे मी कालच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू लहान होतीस," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आता कॉम्प्युटरचं. मी पेनल्टीचे चाळीस फटके मारले. एकतीस वरून गेले. बटण मीटर लावून तपासलं. मग माझ्या लॅबमधल्या एकीला बोलावलं. तिनं आयुष्यात जॉयस्टिक धरली नव्हती. तिनं पाचांत चार गोल केले आणि म्हणाली, "इतकं सोपं आहे होय?"

त्यानंतर मी रक्त तपासून घेतलं. निकाल मंगळवारी आला. दादाचाच आजार आहे, स्नायूंचा. तो घराण्यातून येतो. प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. बहुधा आईकडून आला. ती होती तेव्हा बरण्यांची झाकणं आपल्याकडून उघडून घ्यायची, आठवतं? पुढच्या पिढीत तो लवकर दिसू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून तू तपासून घे. तुझ्यात निघाला, तर चिमणीलाही दाखव. डॉक्टरांचा पत्ता आणि माझा अहवाल सोबत जोडला आहे. तिच्या हातून काही पडलं तर रागावू नकोस. आधी तिची मूठ बघ, उघडायला किती वेळ लागतो ते.

मला पेन धरता येतं. सोडायला वेळ लागतो. म्हणून टाइप केलं. खालची सही तेवढी हातानं केली आहे. माझं एखादं जुनं पत्र शेजारी ठेवून बघ. या वेळी 'हो' लिहीत नाही.

तुझी,
मोजपट्टी