एका बाजूने चढलेला टायर

अकोट,
मंगळवार, सकाळ

श्रीयुत अन्सारभाई यांस सूर्यभानचा आदाब आणि नमस्कार, दोन्ही.

(चाळीस वर्षं तुला ‘अबे अन्सार’ म्हणत आलो आणि आज ‘श्रीयुत’ लिहितो आहे, यावरून प्रकरण कुठवर गेलं ते तुझ्या ध्यानात येईल.) डोळ्याचं ऑपरेशन ठीक झालं असेल. काळा चष्मा लावून तू कसा दिसत असशील याचा मी बराच विचार केला, पण तो इथे लिहीत नाही. अमरावतीचं पाणी मानवलं असेल, आणि कहकशाँ तुला चहात साखर घालू देत नसेल, ते चांगलंच आहे. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कोणी नाही.

पत्र काहून लिहितो म्हणशील, तर तू फोन उचलत नाहीस म्हणून. अकरा वेळा केला. बाराव्यांदा कहकशाँनं उचलला आणि म्हणाली, “काका, अब्बा झोपले आहेत.” तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मागे तू खोकत होतास. तुझा खोकला मी हजारांत ओळखतो. पोरीला खोटं बोलायला लावलं ते माझ्यामुळे, म्हणून तेही माझ्याच खात्यात धर.

आता त्या दिवसाचं. आमच्या आकांक्षानं स्वतःच्या पगारातून घेतलेली ती बारीक चाकांची सायकल तुला ठाऊकच आहे. अकोल्याहून अमरावती आणि परत, दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत, अशी फेरी होती, आणि त्यासाठी तिनं नवीन टायर आणले होते. वर्षभर ती पहाटे उठून पोपटखेडच्या रस्त्यानं सायकल मारत होती. पुढचं चाक घेऊन मी तुझ्या सायकलच्या दुकानात आलो. टायर लोखंडासारखा घट्ट. तुझा एक काठ चढला आणि दुसऱ्या काठापाशी तू अडलास. हातानं चाचपत होतास, थांबत होतास, पुन्हा चाचपत होतास. दुकानात चार माणसं चहा पीत बसली होती, आणि चार माणसं दिसली की माझी जीभ कशी सैल सुटते ते तुला माहीत आहे. मी म्हणालो, “अबे, आमच्या डेपोत लोकं बशीचे टायर चढवतात, तू सायकलीच्या टायराले घंटाभर लावून राहिला! तुझ्यानं आता होत नाही म्हणून सांग ना.” चौघंही हसले. तू हसला नाहीस. कपड्यानं हात पुसलेस, चाक माझ्या मांडीवर ठेवलंस आणि एवढंच म्हणालास, “ले जा. तूच चढव.”

मोतीबिंदूचं तू कोणाला सांगितलं नव्हतंस. मला तरी सांगायचं होतंस. (सांगितलं असतंस तर मी त्यावरही काही विनोद केला असता, हेही खरं.) चौथ्या दिवशी तुझं शटर बंद दिसलं, आणि तू लेकीकडे गेलास हे मला चहावाल्याकडून कळावं, याची लाज मला अजून वाटते.

डेपोत मी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे माइकवर ‘अकोट–धारणी, फलाट क्रमांक तीन’ असं ओरडत होतो. टायरला मी जन्मात हात लावला नव्हता. पण घरी सगळ्यांना सांगून बसलो की हे काम बाहेर द्यायची गरजच नाही. ओट्यावर पोतं अंथरून बसलो. इकडून दाबलं की तिकडून निघे, तिकडचं दाबलं की इकडचं निघे. तळहाताएवढा तुकडा शेवटी उरे आणि तो काही केल्या आत जाईना. दोन्ही अंगठे सुजले. मग तुझ्या वहिनीचं, आशाबाईचं, उलथनं घेतलं (ते आता वाकडं आहे आणि आमच्या घरात त्यावर बोलणं होत नाही). मग पेचकस घेतला. पेचकसानं काठ आत गेला, पण ट्यूबमधूनही गेला. दुसरी ट्यूब आणली, तिचंही तेच. शेजारच्या बेबीताई कुंपणावरून म्हणाल्या, “भाऊ, खोबऱ्याचं तेल लावा, बांगडी जाते तसं जाईन.” लावलं. चाक हातातून निसटलं, उताराला लागलं आणि बेबीताईंनीच अंगणात वाळत घातलेल्या मुगवड्यांतून सरळ आरपार गेलं. त्या दिवसापासून त्यांनी सल्ला देणं बंद केलं आहे.

शेवटी मी चाक भिंतीला टेकवलं, टाचेनं टायरवर जोर दिला आणि फट् करून काठ आत बसला. अन्सार, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो, कारण आज सगळं सांगायला बसलो आहे. मला वाटलं, आता अन्सारला दाखवतो. चाक दाखवायचं नव्हतं, जागा दाखवायची होती. इतक्या हलक्या विचाराचा माणूस तुझ्या दुकानात चाळीस वर्षं फुकट बसला.

आकांक्षानं चाक फिरवून पाहिलं. म्हणाली, “बाबा, अन्सारकाकाले फोन करून विचारू का एकदा? मले इथं जरा फुगल्यासारखं दिसून राहिलं.” मी म्हणालो, “त्याले काय विचारायचं? तुह्या बापावर भरवसा नाही काय?” पोरीनं चाक उचललं आणि सायकलीला बसवलं.

रविवारी सकाळी सहाला अकोल्याहून ती निघाली. मी एका मित्राच्या जीपमधून मागे मागे. बोरगाव मंजूच्या अलीकडे आवाज झाला. टायरच्या काठाखाली ट्यूब चिमटली होती, तीच फुटली. ती पडली नाही, एवढं नशीब. जवळच्या दुसऱ्या ट्यूबनं काम होईना. बरोबरच्या सायकलवाल्यांतले एक दोघं थांबले, पण तेवढ्या बारीक चाकाची ट्यूब कोणाजवळ नव्हती. मग एकेक जण पुढे जात राहिला आणि ती रस्त्याकडेच्या दगडावर चाक मांडीवर घेऊन बसली. मी जीपमधून उतरलो तेव्हा तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, “चला बाबा, घरी जाऊ.” बस. रागावली असती, रडली असती, तर मला काहीतरी बोलता आलं असतं. अकोटपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती आणि मी, ज्यानं एकतीस वर्षं माइकवर बोलण्याचा पगार घेतला, एक शब्द बोललो नाही.

तेव्हापासून मी तुझे हात आठवायचा प्रयत्न करतो आहे. तू कधी पेचकस घेतला नाहीस, हे नक्की. हवा भरायच्या वॉलच्या समोरून सुरुवात करायचास आणि वॉलपाशी संपवायचास. पण मधे काय करायचास? दोन्ही हातांनी टायर चिमटत, काठ रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत चाकाभोवती फिरायचास, की आणखी काही? मला आठवत नाही. इतकी वर्षं तुझ्यासमोर स्टुलावर बसून मी बोलत होतो आणि तू काम करत होतास. मी तुझ्या हातांकडे कधी पाहिलंच नाही.

तेव्हा माफी मागतो. चार माणसांपुढे बोललो, तर चार माणसांपुढेच मागायला हवी. त्या चौघांपैकी तिघांना मी स्वतः जाऊन सांगून आलो की चूक माझी होती. चौथा मोर्शीला गेला आहे, आला की त्यालाही सांगतो.

कहकशाँला आशीर्वाद. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल.

तुझा (अजून म्हणू देशील तर)
सूर्यभान

ता. क. हे पत्र घेऊन आलेली मुलगी आकांक्षाच आहे. तिच्या हातात पोत्यात गुंडाळलेलं आहे ते चाक. पुढच्या महिन्यात तशीच फेरी पुन्हा आहे. तू चढवून देऊ नकोस, डोळ्याला ताण नको. नुसता बसून तिला सांग, ती आपल्या हातानं चढवील.

आणखी एक. तिच्या सायकलीच्या पिशवीत जादाची ट्यूब होती. माझ्या हातून दोन फुटल्यावर मी ती वापरली आणि तिच्या जागी फुटलेली ट्यूब नीट घडी करून ठेवली. वाटलं, एका फेरीत कशाला लागते, सोमवारी नवीन आणून ठेवू. बोरगावला तिनं तीच काढली. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. घरात कोणालाच नाही. तुलाच सांगतो आहे. तिला कळू देऊ नकोस.

*

काका, आदाब. मी आकांक्षा. पाकिटाला डिंक नव्हता, बसमध्ये बाबांना डुलकी लागली तेव्हा मी वाचलं. ट्यूबचं मला बोरगावलाच कळलं होतं. बाबा आपणहून सांगतील म्हणून मी वाट पाहत होते.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेला आहे, तिथे बाबा उभे आहेत. “मी आलोच नाही असं सांग,” म्हणाले. ऊन खूप आहे आणि त्यांनी टोपी आणलेली नाही. बोलावू का?