चष्म्याविना केलेली सही मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. सहायक कामगार आयुक्त,
यवतमाळ.

विषय : वयाच्या कारणावरून कमी करून, तो स्वेच्छेचा राजीनामा असल्याचे लिहून घेतल्याबाबत.

संदर्भ : नवपर्ण बियाणे प्रा. लि., दिग्रस यांचा दि. ३/२/२०२५ चा करार.

महोदय,

मी देवराव नागोराव खोब्रागडे, वय ५३, राहणार दिग्रस. वरील कंपनीत चोवीस वर्षे उगवण चाचणी पर्यवेक्षक होतो. बियाणे उगवेल की नाही हे सांगणे माझे काम. स्वतःविषयी तेवढा अंदाज आला नाही, हे सुरुवातीलाच कबूल करतो.

१. दि. ३ रोजी कंपनीने आम्हा अठरा जणांना यवतमाळच्या एका हॉटेलात ‘नवे पर्व’ नावाच्या कार्यक्रमास बोलावले. मला वाटले सत्कार आहे. आदल्या दिवशी केसांना कलप लावला. चष्म्याने वय दिसते म्हणून तो घरीच ठेवला. सभागृहात सर्वांचे वय पन्नाशीच्या पुढे होते, तरीही मला शंका आली नाही. उलट अनुभवी माणसांची कदर होत आहे, असे मी शेजाऱ्याला म्हणालो.

२. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी कंपनीला ‘तरुण ऊर्जा’ हवी असल्याचे सांगितले. मी टाळ्या वाजवल्या. नंतर प्रत्येकाच्या हाती चौदा पानांचा बारीक इंग्रजी करार आला. सही आजच करायची होती, जेवण सहीनंतर होते. मी कागद जवळ धरला, लांब धरला, समजल्यासारखी मान हलवली आणि सर्वांत आधी सही केली. मागच्या तिघांनी माझ्याकडे पाहून केली. याचे मला सर्वांत वाईट वाटते.

३. पॅकिंग विभागातील मानीबाई राठोड यांना लिहिता-वाचता येत नाही. अंगठ्यासाठी शाई पुढे केली तेव्हा त्या म्हणाल्या, “जे मले वाचता येत नाही, त्याच्यावर अंगठा कायले देऊ?” आणि न जेवता एसटीने निघून गेल्या. मी बी.एस्सी. आहे. मी जेवलो.

४. पाच दिवस मी करार कपाटात ठेवला. शनिवारी मुलगी दीपा घरी आली, तिने तो वाचला. म्हणाली, “बाबा, तुमी खुशीनं राजीनामा देऊन राह्यले असं लिहून हाय इथं. वयाचा काही संबंध नाही, कुठं तक्रार करणार नाही, अन् कोणाजवळ बोलणार नाही, हेबी तुमीच कबूल केलं.” मग तिनेच अकरावे पान दाखवले. सात दिवसांत लेखी कळवून सही मागे घेता येत होती. त्याच दिवशी मी स्पीड पोस्टाने पत्र पाठवले. ते दि. १० रोजी, म्हणजे सातव्या दिवशी पोचले.

५. कंपनीचे उत्तर आले : माघार विहित नमुन्यातच घ्यावी. नमुना कारखान्याच्या कार्यालयात मिळेल. मी गेलो. गेटवर वीस वर्षे मला सलाम करणारे देवीलाल म्हणाले, “साहेब, माजी कर्मचाऱ्याले आत सोडू नका म्हणून लेखी हाय. मी काय करू?” त्यांनी बसायला स्वतःची खुर्ची दिली. मी अर्धा तास तिच्यावर बसून परत आलो.

६. मी कायद्याने कामगार ठरतो की नाही, म्हणजे आपल्याकडे दाद मागू शकतो की नाही, असा प्रश्न कंपनी काढील. मला ‘अधिकारी’ म्हणत असत खरे. पण एकालाही रजा देण्याचा अधिकार मला नव्हता. स्वतःची रजाही मी विचारूनच घेई.

७. या अर्जावर इतरांच्या सह्या घ्यायला मी घरोघर फिरलो. सगळीकडे चहा मिळाला, सही मिळाली नाही. त्या दिवशी सही केलेले लखीराम जाधव दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “तुमी लिहा भाऊ. आमाले बोलायची बंदी हाय.” त्यांची मुलगी लग्नाची आहे. त्यांना दोष देणे मला शोभत नाही.

तरी माझी माघार ग्राह्य धरून कंपनीस समोर बोलवावे, आणि त्या दिवशी पन्नाशीच्या आतला एकही माणूस का बोलावला नव्हता, एवढे विचारावे. अर्ज माझ्या एकट्याचा आहे. चौकशी मात्र अठराही जणांच्या प्रकरणाची व्हावी, ही विनंती.

आपला नम्र,
दे. ना. खोब्रागडे
दिग्रस, दि. १७/२/२०२५

सोबत : १) कराराची प्रत, २) स्पीड पोस्टाची पावती व पोचल्याचा दाखला, ३) कंपनीचे उत्तर.