झिंगूबाईने मान हलवली

प्रिय सुगंधा,

वाजिद दुकानाचं कापड आणायला उद्या चंद्रपूरला येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. तुझ्याशिवाय कुणाला द्यायचं नाही, दिव्यानीला तर मुळीच नाही, असं त्याला तीनदा बजावलंय. फोन करता आला असता. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचं आहे. तेव्हा चहा ठेव, चष्मा शोध, आणि लेक बाहेर गेली असेल तेव्हा निवांत वाच.

घरी आल्या आल्या तिने तुला सांगितलंच असेल, तोंडी परीक्षा मस्त गेली म्हणून. बसमध्ये चढताना मलाही म्हणाली, “मावशी, पेढे तयार ठेवजा.” निकाल अजून जाहीर झालेला नाही. अकरा जणांच्या गुणपत्रिका माझ्या कपाटात साड्यांखाली आहेत, सोमवारी त्या गडचिरोलीला जातील. माडिया बोलीची तोंडी परीक्षा पास झाली, तर भामरागडच्या पलीकडचं ते आरोग्य उपकेंद्र दिव्यानीचं, आणि नोकरी कायम. नापास झाली, तर तीन महिने पुन्हा वर्ग आणि जूनमध्ये पुन्हा परीक्षा. तिचा करार मार्चमध्ये संपतो. मधे ती जागा दुसऱ्या कुणाला गेली तर गेली. तुला हे सगळं माहीत आहे. पेन हातात घेताना मलाही माहीत होतं, एवढंच सांगते.

पोरगी हुशार आहे गं. सहा महिन्यांत माझं अख्खं टिपण तिने पाठ केलं. वर्गात बाकीचे फळ्याकडे बघत बसायचे, ही माझ्या चुका काढायची. एकदा मला म्हणाली, “मावशी, मागच्या महिन्यात तुम्ही हे वाक्य वेगळं सांगितलं होतं.” खरंच सांगितलं होतं. मी काही पुस्तकातून शिकले नाही. अब्बांच्या बांगड्यांच्या पेटीशेजारी बसून, बाजार-बाजार फिरत शिकले. बाईचा हात हातात घेतला की ती बोलते, आणि बांगडी चढेपर्यंत तिला उठता येत नाही. त्या शिक्षणाचा फळ्यावर वर्ग कसा करायचा, हे मला नऊ वर्षांत नीट जमलेलं नाही. तू तिच्याबरोबर पाठवलेले सरगुंडे आम्ही दोघींनी रविवारी खाल्ले, आणि त्या दिवशी मी तिला म्हणाले की तू तुझ्या आईपेक्षा लवकर शिकलीस. हे म्हणायला नको होतं.

आता परीक्षेचं सांगते. दरवर्षी पेशंट मीच व्हायचे. खुर्चीत बसून कण्हायचं, विद्यार्थी प्रश्न विचारणार, मी उत्तरं देणार. पण पोरं माझ्या आवाजाला सरावतात, माझं बोलणं सावकाश, ठरलेलं. म्हणून या वर्षी भामरागडकडची झिंगूबाई आणली. साठीची असेल, जन्मात परीक्षा पाहिली नव्हती. तिला एवढंच सांगितलं, दोन दिवसांपूर्वी तू मोहाच्या झाडाखाली पडलीस, गुडघा दुखतो, चालताना त्रास होतो. पोरं विचारतील तसं सांग. तिला फार मजा वाटली. पदर नीट केला, वर्गाच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली आणि खरोखरची आजारी दिसायला लागली.

दिव्यानी पहिली. आली, वाकून नमस्कार केला, सुरुवात केली. काय सांगू, असं स्वच्छ माडिया मी बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ताप आहे का? झिंगूबाईने हो म्हणून मान हलवली. उलट्या होतात का? मान हलवली. पोटात दुखतं? मान. कालपासून? मान. गोळ्या दिल्या तर वेळेवर घेशील? जोरात मान. पाच मिनिटांत सगळं उरकून दिव्यानी माझ्याकडे वळली आणि मराठीत तिने सांगितलं: ताप, उलट्या, पोटदुखी, एक दिवसाची. पाणी भरपूर पाजायचं, सुधारणा नसेल तर भामरागडला पाठवायचं. झिंगूबाईचा हात पूर्ण वेळ गुडघ्यावर होता. दिव्यानीने त्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही.

नंतर मी झिंगूबाईला विचारलं, अगं, तुला गुडघा सांगितला होता ना? ती माझ्यावरच चिडली. म्हणाली, एवढ्या लांबून आलेली पोर, तिला घाम फुटला होता, इतकं छान आमच्यासारखं बोलत होती, तिला तोंडावर नाही कशी म्हणू? आणि मग हळूच म्हणाली की गुडघ्याचं ती विचारेल म्हणून मी वाट बघत होते. सुगंधा, पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, ही त्यांची रीत मला दहा वर्षांची असल्यापासून माहीत. नको असलेली बांगडीसुद्धा बायका मान हलवून हातात चढवू द्यायच्या आणि दुसऱ्या बाजारी गुपचूप परत आणायच्या. तरी माझ्या वर्गात मी हे एकदाही शिकवलं नाही. मी क्रियापदं शिकवली.

तिसऱ्या नंबरवर प्रफुल. ब्रह्मपुरीकडचा, धानवाल्या घरचा, आरोग्यसेवक. याचं माडिया म्हणजे ऐकणाऱ्याने कानात बोटं घालावीत. दोन शब्द माडिया, चार मराठी, बाकी हातवारे. झिंगूबाईने त्याच्याही पहिल्या तीन प्रश्नांना मान हलवली. हा तिच्याकडे नीट बघायला लागला. मग विचारलं, तू माणूस आहेस ना? तिने मान हलवली. म्हैस आहेस ना? तिने पुन्हा मान हलवली, आणि मग तिलाच हसू फुटलं. प्रफुल तिच्याशेजारी ओट्यावरच बसला, आपलंच पोट दाबून दाखवलं, डोकं दाखवलं, मग तिच्या गुडघ्यावरच्या हाताकडे बोट केलं. झालं. म्हातारी जी सुरू झाली ती थांबेना. झाड, पडणं, सून कशी हसली, सगळं. त्याला त्यातलं अर्धंही कळलं नसेल, पण मला येऊन म्हणाला, “मॅडम, बाकी मले समजलं नाई, पण बाई पडली हाये अन् गुडघा दुखून राह्यला तिचा.”

आता गुण. उच्चार, वाक्यरचना, शब्द आणि ऐकून समजणं, असे चार रकाने मीच कधीतरी आखले होते, पन्नास गुणांचे. शेवटच्या रकान्याला फक्त दहा. दिव्यानीला त्यात शून्य देऊनही अडतीस होतात. प्रफुलला त्यात दहापैकी दहा दिले तरी बावीस, आणि पास व्हायला पंचवीस लागतात. दोन दिवस मी ते कागद काढत आणि ठेवत होते. प्रफुलला तीन गुण वाढवावेत असं शंभरदा वाटलं. उच्चारात एक, शब्दांत दोन, कोण बघतंय? नाही वाढवले. माझे रकाने चुकीचे होते ही माझी चूक, म्हणून खोटे आकडे लिहू का? तो जूनमध्ये पुन्हा बसेल. सांगितलं तेव्हा हसून म्हणाला, “चालते मॅडम, म्हातारीले पुन्हा बोलवजा फक्त.”

गुणपत्रिकेच्या तळाशी एक ओळ आहे. परीक्षकाच्या मते या उमेदवाराला केंद्रावर एकट्याने पाठवता येईल काय? होय किंवा नाही. गुण कितीही असोत, तिथे नाही लिहिलं की उमेदवार थांबतो. नऊ वर्षं मी तिथे सही करावी तसं होय लिहीत आले. वाजिद म्हणतो, “नियमानं पास हाये ना पोरगी? मग तू काऊन डोकं लावून राह्यली? सुगंधाबाईले काय तोंड दाखवशील?” मी म्हटलं, तेच शोधते आहे. त्यावर तो शिलाईच्या मशीनवर जाऊन बसला आणि दिवसभर तेच चालवत राहिला. तुझी बाजू घेणारा नवरा माझ्याच घरात आहे, एवढं तुला समाधान असू दे. रागाच्या भरात मला वाटून गेलं की दुसऱ्या कुणाची लेक असती तर बरं झालं असतं. मग वाटलं, दुसऱ्या कुणाची असती तर मी होय लिहून मोकळी झाले असते, आणि त्या विचाराने मला जास्त भीती वाटली.

तुला कळलं असेल मी कुठे येते आहे. सत्तावीस वर्षांत आपण त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. तू चोवीस वर्षांची, नवी सिस्टर. मी तुझ्याबरोबर गावागावांत फिरायचे, तुझं बोलणं त्यांना आणि त्यांचं तुला सांगायला. त्या आठवड्यात ईदचा बाजार होता, बांगड्या हातोहात जायच्या, म्हणून मी अहेरीलाच राहिले. तू म्हणालीस, आता येतं मला पुरेसं, मी जाऊन येते. आठ दिवसांची ओली बाळंतीण. तू विचारलंस, रक्त थांबलं? तिने मान हलवली. ताप नाही ना? मान. गोळ्या घेतल्यास? मान. तू वहीत ‘ठीक’ लिहिलंस आणि पुढच्या गावाला गेलीस. चौथ्या दिवशी ती गेल्याचा निरोप आला. त्या घरात गोळ्यांची पुडी जशीच्या तशी होती, उघडलेलीसुद्धा नाही. तुला कुणी बोललं नाही, त्या बाईच्या सासूनेही नाही. तिने तुला पाणी दिलं. महिनाभरात तू बदली मागून चंद्रपूरला गेलीस. मी बाजारात बसून राहिले होते, हे मी तुला कधी म्हणाले नाही, आणि तू मला कधी विचारलं नाहीस. तेव्हा तुझ्या येण्याजाण्यावर कुणी होय-नाही लिहिणारं नव्हतं. असतं, तर मीच असते.

काल दुपारी मी दिव्यानीच्या कागदावर नाही लिहिलं, सुगंधा. सोमवारी तो जाईल, आता मी तो बदलणार नाही. भांड, शिव्या दे, वर्षभर फोन उचलू नकोस. मला फार वाईट वाटेल आणि मी सहन करीन. पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. निकाल कळला की ती मला विचारायला येईल, अडतीस गुण असताना का, म्हणून. रीत, रकाने, झिंगूबाईचा गुडघा, हे मी तिला सांगू शकते, आणि ती हुशार पोरगी ते पाठ करून टाकेल. दुसरं कारण माझं नाही, तुझं आहे, ते तुझ्या परवानगीशिवाय मी बोलणार नाही. सोमवारच्या आत तिला जवळ बसवून तू सांग. माझं ईदच्या बाजारात बसणंही सांग, ते लपवू नकोस. आणि त्या बाळंतिणीचं नाव सांग. मी किती आठवलं, मला आठवत नाही. तुला आठवत असणार.

तू रागावलीस तरीही तुझीच,
नसीम