सतरा जणींची सुनावणी आणि माझा मणका

३ फेब्रुवारी

चार मिनिटं! आज युनियनच्या सभेत चारच मिनिटं उभी राहू शकले. मग कमरेखाली दोन्ही पायांत शिसं ओतल्यासारखं. टेबलावर ओणवी झाले तेव्हा बरं वाटलं, तशीच बोलत राहिले. टाळ्या पडल्या. लोकांना वाटतं, बाई तावातावाने पुढे झुकते. वाटू दे. न सांगता गैरहजर राहिल्या म्हणून हॉटेलच्या लाँड्रीतून काढून टाकलेल्या सतरा जणी पहिल्या रांगेत होत्या. १९ मार्चला कामगार कोर्टात त्यांची सुनावणी. बोलणार मीच. उभी राहून!

६ फेब्रुवारी

नवऱ्याला घेऊन सर्जनकडे गेले. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी नसांची वाट अरुंद झालीय म्हणे. मोठी चिरफाड नको, तीन मार्ग आहेत. एक, मणक्यांच्या मागच्या टोकांमध्ये छोटी पाचर — स्पेसर. तेवढीच जागा बधिर करून बसवतात, दुसऱ्या दिवशी घरी. पण दाबणारं हाड तसंच राहतं, काहींना पुन्हा ऑपरेशन लागतं. दोन, बारीक नळी घालून मायक्रोस्कोपखाली ते हाड आणि जाड झालेला पडदा काढायचा. पूर्ण भूल. तीन, तेच काम एंडोस्कोपने, आणखी लहान छिद्रातून.

"तुमचा हात कशावर बसलाय?"

"नळीवर. एंडोस्कोप मी अजून फार केलेले नाहीत."

खरं बोलणारा डॉक्टर! तरी नंतर अर्धा तास मीच बोलले.

९ फेब्रुवारी

नवरा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून त्याने माझ्या एमआरआयची फिल्म खिडकीशी धरली.

"पाचर मारून चालेल गं. पण कचरा आतच राहणार."

"तुला काय कळतं मणक्यातलं?"

"काही नाही. तुला?"

मग मी पाचरीची बाजू मांडली. वाकल्यावर ज्याला बरं वाटतं त्यालाच ती उपयोगी — मला तर वाटतं बरं! पूर्ण भूल नाही, घशात नळी नाही, आवाजाला धोका नाही. सुनावणी चुकत नाही. तो परत घड्याळाकडे वळला. जिंकले!

१० फेब्रुवारी

डावी चप्पल दोनदा पायातून निसटली. कुणाला सांगणार नाही.

२ मार्च

नवऱ्याबरोबर पाचरीची तारीख घ्यायला गेले. सर्जन म्हणाले, "आज बोलू नका. टाचांवर चालून दाखवा."

डाव्या पायाचा चवडा उचलेचना.

"कधीपासून?"

मी चपलेकडे बघितलं. नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

पाचरीचा विषय संपला. नस मोकळी करायलाच हवी, नळीने, याच आठवड्यात. मी म्हटलं, सुनावणीनंतर. "नस तुमची सुनावणी बघून थांबत नाही हो, बाई!" 'माझ्या जबाबदारीवर' अशी सही करून, तारीख पुढे ढकलून आले. सतरा जणींच्या चुलींपुढे माझा एक चवडा काय!



१५ मार्च

स्वयंपाकघरात पडले. नवरा उचलायला आला नाही — शेजारी फरशीवर येऊन बसला. "आता माझं ऐक." एवढंच म्हणून माझा डावा पाय मांडीवर घेतला. माझ्याकडे दहा मुद्दे होते. एकही मांडला नाही. ऑपरेशनला हो म्हणाले.

सतरा जणींतल्या थोरलीला फोन केला. "ताई, तुम्हीच नसाल तर आम्ही काय बोलणार?" भाषण पाठवू का, विचारलं. "आम्हाला तुमच्यासारखं जमायचं नाही, ताई."

१७ मार्च

झालं. नळीनेच. सकाळी भिंतीला धरून उभी राहिले — पायांतलं शिसं गेलं! चवडा मात्र ढिम्म. सर्जन म्हणाले, "नस फार दिवस दबली होती. सुधारेल. पूर्ण सुधारेल असं सांगत नाही." महिनाभर आधी आले असते तर? विचारायचं धाडस झालं नाही.

१९ मार्च

अकरा वाजले. सुरू झालं असेल.

२० मार्च

थोरलीचा फोन. सतराही जणी परत कामावर! ओरडलेच मी, टाके ताणले. कोण बोललं गं?

"कुणीच नाही ताई. सुपरवायझरच्या सहीचा त्या दिवसांच्या ड्युटीचा कागद होता आमच्याकडे, सतराही जणी हजर लिहिलेला, तो पुढे ठेवला. कोर्टातल्या साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, आता बोलायची गरज नाही."