इंग्रजांचं पहिलं सोनं

परंडा, २९ जुलै १९४८

उस्मानाबादहून संपादकांचा निरोप — रझाकारांवर एक अक्षर नको, निजामाचा सेन्सॉर अंक अडवतो. त्याऐवजी ऑलिंपिकमधली इंग्रजांची पदकं लिहा, उन्हाळी-हिवाळी दोन्ही. कुणाचं मन दुखणार नाही म्हणे! काशीत न्यायशास्त्र घोकलं ते ह्यासाठी. गल्लीतली निम्मी घरं कुलूपबंद, आणि मी गोऱ्यांच्या उड्या मोजणार.

३१ जुलै

हिवाळी भाग लिहिला. यंदा बर्फावर दोन कांस्यं. एक तर पालथं पडून, डोकं पुढं करून घसरल्याबद्दल! गल्लीतला धोंडीबा पावसाळाभर किल्ल्याच्या पायऱ्यांवरून असाच घसरतो. त्याला फक्त हळद मिळते.

२ ऑगस्ट

लेक शामलेचा बार्शीहून पुन्हा निरोप — निजामाची सरहद्द ओलांडून इकडे या, रझाकारांचा भरवसा नाही. बाबामियाँचाही तोच धोशा. शेजारी, कापडवाले, गल्लीत रेडिओ त्यांचाच. दिल्ली लावली तर कुजबुज होते, लंडनला कुणाची हरकत नाही. म्हणून माझा लेख त्यांच्या ओसरीवर शिजतो.

वैतागून म्हणालो, इंग्रजांना पहिलं सोनं मिळू द्या, निघतो. कसम घ्यायला लावली. घेतली. ह्या खेपेला त्यांचा रंग काही खरा दिसत नाही.

६ ऑगस्ट

रौप्य. पुन्हा रौप्य. झकास.

८ ऑगस्ट

घात! चौघांच्या रिले शर्यतीत अमेरिका बाद, सोनं इंग्रजांना. धावले दुसरे, ठरले पहिले — साम्राज्यही असंच मिळवलं असणार. बाबामियाँनी उभ्याउभ्या लिंबाजीची बैलगाडी सांगितली, बुधवार पहाटेची.

११ ऑगस्ट, बुधवार

वळकटी बांधून बसलो तर बाबामियाँ दारात.

"सोडा ती वळकटी, पंतजी. पंचांनी शर्यतीची फिल्लम बघून सोनं काढून घेतलं. विंग्रजांकडं आता एक बी न्हाय."

सुवर्णमृगच तो! लिंबाजीला रिकामा परत धाडला. तो जाताना जे बोलला ते कागदावर उतरवण्याजोगं नाही.

१३ ऑगस्ट

हॉकीत हिंदुस्थाननं इंग्रजांना चार-शून्य हरवलं. लंडनलाच ते सांगावं लागलं. ओसरीवर तिसरं कुणी नाही हे बघून बाबामियाँनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. लेखात लिहिलं : 'इंग्रजांना आणखी एक रौप्य.' सेन्सॉर खूश.

१५ ऑगस्ट

लंडन समारोपाचा हिशेब सांगत होतं. बाबामियाँचा हात अचानक बटणाकडं धावला, पण उशीर झाला — ब्रिटन, तीन सुवर्ण. त्यातली दोन होड्यांची, नऊ तारखेची! म्हणजे बुधवारी ह्यांना ठाऊक होतं.

मी भडकलो. लेख खोटा, कसम खोटी, तिकडं शामलेचा डोळा वाटेवर. बोलत राहिलो. ते सतरंजीची दशी पिळत बसले. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी बार्शीच्या वाटेवर रझाकार गाड्या अडवत होते, पंतजी. माणसं उतरवून घेत होते. कसं सांगू तुम्हाला सोनं?"



२१ सप्टेंबर

हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजामी संपली. आता टोळ्या मुसलमानांची घरं हुडकत फिरतायत, आणि त्यांत आपलेच ओळखीचे. बाबामियाँ आणि त्यांची बीबी अजीजाबी माझ्या माजघरात आहेत. मघाशी बाबामियाँ उठले, पागोटं सावरलं. म्हणाले, तुमच्या घराला धोका नको, आम्ही निघतो.

मी आतली कडी लावली. म्हटलं, "विंग्रजांना अजून एक बी सोनं न्हाय. बसा."