गाठोडं थांबतं तिथे

५ जानेवारी, सोमवार

निकिताने आज मीटिंगमध्ये सरळ सांगितलं — गाठोडं काढून टाका! जुनं झालंय, कुणाला कळत नाही, तयार टूल मिळतं. चुकीचं काही बोलली नाही. 

गाठोडं माझ्या थोरल्या भावाने, सहादेवदादाने लिहिलं. नावही त्याचंच. गावोगावच्या दूध केंद्रांत आमचा प्रोग्राम चालतो. कुठे काटा वेगळा, कुठे फॅट मशीन, कुठे प्रिंटर. नवीन सुधारणा आली की ज्या केंद्राला जे लागेल ते एकत्र बांधून त्यांच्या कॉम्प्युटरवर पाठवायचं — गाठोड्याचं काम एवढंच.

मी म्हणालो, "टाकू नका. मी रिफॅक्टरिंग करतो, आतून नीट करतो." आवाज मोठा निघाला असावा. परवेझभाई बघतच राहिले. कंपनी त्यांची. म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत घे, आदिनाथ. नाही जमलं तर नवं."

दादा दिवाळीआधी गेला. त्याचं एवढंच एक चालू आहे.

८ जानेवारी

कोड उघडला की बसवत नाही. थोडं वाचतो, उठतो, टपरीवर जातो, चहा न घेताच परत येतो.

निकिता म्हणाली, "सर, हे रिफॅक्टरिंग आहे की दशक्रिया?" आणि जीभ चावली. मला हसू आलं. तिला वाटलं रडतोय.

१४ जानेवारी

संक्रांत. आमच्याकडे यंदा सण नाही. शेजारून तीळगूळ आला, आईने वाटी झाकून ठेवली. मी सुट्टी असून ऑफिसात.

एक विचित्र गोष्ट सापडली. एका केंद्राचं बांधून झालं की गाठोडं थांबतं. आपण बटण दाबल्याशिवाय पाठवत नाही. प्रत्येक केंद्राला तेच! कशासाठी? दादा चाचणी करत असेल, मग काढायचं विसरला असेल. मी काढलं.

१९ जानेवारी

दुपारी चारला सगळ्या केंद्रांना एकदम पाठवलं. संध्याकाळचं दूध सहाला, तोवर कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू होतात. झटक्यात झालं! परवेझभाईंनी पाठ थोपटली. गाठोडं वाचलं!

नंतर — फोन. डोंगराकडच्या केंद्राच्या चांगुणामावशी. "आवो सायेब, ऐन दुधाच्या टायमाला मशीन बंद! कॅनची रांग लागलीय हितं." मी म्हटलं, दूध तर सहाला असतं. "सहाला? उसात बिबट्या हाय! आमी आता चारलाच घेतो, अंधाराच्या आत मानसं घरी. सहादेवला इचारा की. त्यो आदी फोन करायचा, 'मावशी, दूध झालं का?' मंगच पाठवायचा. कुठं हाय त्यो? लई दिस फोन न्हाई."

मी म्हणालो, "रजेवर आहे."

का म्हणालो?

२० जानेवारी

ते थांबणं विसरलेलं नव्हतं. तेवढ्यात तो फोन करायचा! माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून — आणि मला वाटायचं गप्पा मारतोय.

२३ जानेवारी

घरून ऑफिस, ऑफिसातून घर, मध्येच उगाच सुप्यापर्यंत गाडी काढली. बिबट्या कुठल्या गावात आलाय हे कुठलंच टूल सांगणार नाही. दादाचंही नाही, निकिताचंही नाही. मग मी जपतोय काय?

२७ जानेवारी

निकिताला म्हटलं, नवं बसव. ती म्हणाली, "सर, नक्की?" हो म्हणालो. एकच अट — पाठवायच्या आधी थांबलं पाहिजे. "का?" सांगितलं. ती आपल्या फोनमध्ये केंद्रांचे नंबर घ्यायला लागली.

२९ जानेवारी

गाठोडं काढलं. नवं टूल पाठवण्याआधी थांबलं, तेव्हा दादाच्या फोनवरून चांगुणामावशींना लावला. "सहादेव! आलास व्हय रजेवरनं?"

"मावशी, मी आदिनाथ, धाकटा. दादा गेला. दिवाळीआधी." कुणाला तरी पहिल्यांदाच सांगितलं.

मागे कॅन आदळत होते. मी विचारलं — दूध झालं का?

"थांब बाळा. दोघं यायचीत अजून."

थांबलो.